पुढच्या दाराचा रॅम्प

चर्चच्या व्यासपीठावरून लुवीनिया टार्व्हर हे नाव पुकारलं गेलं तर त्यात कुणाला नवल वाटायचं कारण नव्हतं. चर्चच्या दारात उभं राहून शिस्त राखणाऱ्या मंडळाच्या त्या प्रमुख, स्वयंपाकघराच्या सर्वेसर्वा, आणि कुणाच्या टोपीनं मागच्याला दिसेनासं झालं तर ती टोपी उतरवायला लावणाऱ्याही त्याच. पण त्या रविवारी तरुण पास्टर क्वेंटिन मेब्री यांनी चष्मा सारखा केला आणि हसऱ्या तोंडानं जे जाहीर केलं, त्यानं बाईंच्या पायाखालची जमीनच सरकली.

"पुढच्या सोमवारी किंग डे," पास्टर म्हणाले. "यंदा आपली सेवा आपल्या लाडक्या मिस लुवीनियांच्या घरी! त्यांच्या पुढच्या पायऱ्यांवरून आपण रॅम्प बांधणार आहोत."

टाळ्यांचा कडकडाट झाला. लुवीनियाबाई पांढरे हातमोजे घालून दारात उभ्या होत्या. दुसरी कुणी असती तर घेरी येऊन पडली असती. पण ड्यूटीवर असताना पडायचं नाही, हा नियम त्यांनीच केलेला.

आता किंग डे म्हणजे काय, तर काळ्या माणसांच्या हक्कांसाठी लढलेल्या डॉक्टर किंग यांच्या नावाची सुट्टी. पण ती घरी लोळायची सुट्टी नव्हे. त्या दिवशी उठायचं आणि दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा. कुणाचं छप्पर, कुणाचं कुंपण, कुणाच्या अंगणातला पाचोळा. जॉर्जियातल्या त्या लहानशा गावात हा रिवाज सुरू केला कुणी? लुवीनियाबाईंनीच! एका वर्षी एक म्हातारबुवा आपल्या घराला रंग द्यायला माणसं आली म्हणून लाजून बाथरूममध्ये कडी लावून बसले होते, तर बाईंनी दार ठोठावून त्यांना बाहेर काढलं होतं. "अहो, मदत घ्यायला कसली आलीय लाज? या बाहेर मुकाट्यानं!" असं म्हणाल्या होत्या. दुसऱ्याला सांगणं फार सोपं असतं हो.

उपासना संपल्यासंपल्या त्यांनी पास्टरना कोपऱ्यात गाठलं.

"पास्टर, माझ्या नावाचं दुसरं कोणी आहे का हो आपल्या चर्चमध्ये?"

"छे, मिस लुवीनिया. तुमच्यासारख्या तुम्हीच."

"मग तुमची चूक झालीय. मला मदत लागत नाही. मी मदत करते."

"पण तुम्ही ऑक्टोबरात पायरीवरून पडलात ना?"

"पडले नाही. बसले. जरा जोरात बसले, एवढंच."

"खालची पायरी कुजलीय म्हणतात."

"असेल कुजली. मी ओलांडते तिला."

पास्टरना वाटलं, आपण काहीतरी समजुतीचं बोलावं. "तुमच्या मागच्या दाराला पायऱ्याच नाहीत म्हणे. जमिनीला सपाट आहे. मग रॅम्प होईपर्यंत मागच्या दारानंच..."

शेजारी वॉकर धरून उभ्या असलेल्या अर्नेस्टीनबाई हातातला पंखा हलवायच्या थांबल्या, आणि चर्चमध्ये त्यांचा पंखा थांबलेला कुणी पाहिला नव्हता. पास्टरांचा जन्म शिकागोचा, आणि तोही अलीकडचा. बिचाऱ्यांना कुठून कळावं?

"बाळा," लुवीनियाबाई म्हणाल्या. त्या पास्टरना 'बाळा' म्हणाल्या की समजायचं, काही खरं नाही. "माझ्या घरात माणसं पुढच्या दारानं येतात. कुत्रंसुद्धा पुढच्या दारानं यायचं, देव त्याला सुखी ठेवो."

"हो, मॅडम."

"आणि माझं नाव सुचवलं कुणी?"

"ते मी सांगू शकत नाही. शब्द दिलाय."

बाईंना सांगायची गरजच नव्हती. हे काम आपल्या लेकीचं, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

संध्याकाळी त्यांनी अटलांटाला फोन लावला. व्हर्लीन म्हणाली, "मी कशाला सांगू? पण बरं झालं, आई. चर्चलासुद्धा कळतंय, तुलाच तेवढं कळत नाही. रॅम्प बांधायची वेळ आली म्हणजे एकटं राहायची वेळ संपली. सोमवारी मलाही सुट्टी आहे. दुपारी येते. रॅम्प उभा दिसला की तुला गाडीत घालून इकडे आणते. तुझी खोली तयार आहे."

"मी इथे मजेत आहे."

"मजेत? बरं, मला एक सांग. तुझ्या पोर्चवर शेवटचं कोण येऊन बसलं होतं?"

"माझी भाजी करपतेय," असं म्हणून लुवीनियाबाईंनी फोन ठेवला. शेगडीवर काही नव्हतं.

खरं सांगायचं तर हे दुखणं फार खोल होतं. वर्षानुवर्षं दर शनिवारी त्यांच्या पोर्चवर माणसं जमायची. लिंबाचा पाउंड केक, गोड चहा आणि गावभरच्या चहाड्या. चर्चचा वडीलधारा कारभारी, डीकन ओझेल पिंक्स्टन, तर सगळ्यांच्या आधी हजर. हा ओझेल त्यांचा पहिलीपासूनचा वर्गबंधू. बाई त्याला तोंडावर अर्धवट म्हणायच्या आणि केकचा पहिला तुकडा त्यालाच द्यायच्या. पण उन्हाळा सरला तशी एकेक माणसं गळत गेली. ओझेल शनिवारी गाडीतून जायचा, काच खाली करून हात हलवायचा, आणि पुढे! अर्नेस्टीनही फोनवर "येईन गं, बघते" म्हणायची. बाईंनी कारण विचारलं नाही. विचारतील कशाला? यायचं नसेल तर नका येऊ! पण केक त्या अजूनही दर शनिवारी करायच्या आणि सोमवारी टपालवाल्याला द्यायच्या. टपालवाला चांगलाच सुटला होता.

किंग डेच्या सकाळी बाईंनी आपला सर्वांत भारी कोट घातला, मोत्यांची माळ घातली, जांभळी टोपी घातली आणि ड्यूटीचे पांढरे हातमोजेही चढवले. कुणी आपल्याला गरजू समजायला नको. मग पोर्चवर, पायऱ्यांच्या बरोबर वर, खुर्ची मांडून त्या बसल्या. रॅम्प उभा राहिला की अटलांटा. नाही राहिला तर घर आपलंच. सगळा हिशेब एवढाच होता.

सेवेकरी आले. कोटांवरून एकसारखे टी-शर्ट चढवल्यामुळे सगळेच फुगलेले दिसत होते. चर्चच्या गायनातले चार पुरुष, दोन शिक्षिका, आल्या आल्या अंगणात खुर्ची टाकून बसलेल्या अर्नेस्टीनबाई, पास्टर आणि दातांचे डॉक्टर हॉलिस. हॉलिस या कामाचे मुकादम. त्यांनी आठवडाभर मोबाइलवर रॅम्पचे व्हिडिओ पाहिले होते आणि कमरेला हत्यारांचा नवाकोरा पट्टा बांधला होता. दुकानाची चिठ्ठी अजून त्याला लटकत होती.

"काळजी करू नका, मिस लुवीनिया," डॉक्टर म्हणाले. "अजिबात दुखणार नाही."

"दात काढतोयस का रे?" बाई म्हणाल्या.

पण माणसं भराभर कामाला लागली हेही खरं. लाकडं उतरली, खड्डा झाला. वेळ वाचावा म्हणून डॉक्टरांनी लगेच घट्ट होणारं काँक्रीट आणलं होतं. ते कालवलं, खड्ड्यात मुख्य खांब उभा केला, भोवती काँक्रीट ओतलं, आणि पास्टरनी तो खांब दोन्ही हातांनी ओळंब्यात धरला. बाई खुर्चीतून पुढे वाकल्या. हे लोक खरंच बांधतायत की काय?

तेवढ्यात डीकन ओझेलची जुनी लांबलचक गाडी फाटकाशी आली. ओझेल उतरायला नेहमीच वेळ लावायचा. आज जास्तच लावला. काठी टेकत टेकत तो आला, टोपी काढली आणि सगळ्यांकडे पाहिलं.

"प्रार्थना झाली?"

गायनातल्या एकानं बुटाच्या टोकानं माती उकरायला सुरुवात केली.

"प्रार्थनेशिवाय कामाला हात लावलात? किंग डेला?"

"डीकन," डॉक्टर हॉलिस घाईघाईनं म्हणाले, "काँक्रीट ओतून झालंय हो. लवकर घट्ट होणारं आहे. एक छोटीशी प्रार्थना करून..."

"छोटीशी," डीकन म्हणाला. कुणी त्याच्या आईला शिवी दिल्यासारखा त्याचा चेहरा झाला. "सगळ्यांनी हात धरा."

त्या चर्चमध्ये प्रार्थना म्हणजे गोल करायचा आणि शेजाऱ्याचा हात धरायचा. पास्टरनी खांबाकडे पाहिलं, डीकनकडे पाहिलं. डीकननं हात पुढे केलेलाच होता. पास्टरनी खांब सोडला. खांब क्षणभर उभा राहिला आणि मग अगदी सावकाश गुलाबाच्या ताटव्याकडे कलू लागला.

हे फक्त लुवीनियाबाईंना दिसलं. बाकी सगळ्यांचे डोळे मिटलेले, माना खाली. दारावरच्या माणसाला मात्र प्रार्थनेत डोळे मिटायची मुभा नसते, त्यामुळे बाईंचे डोळे सवयीनं उघडेच होते. प्रार्थना चालू असताना कुणी जागचं हलायचं नाही, कुणी मध्ये बोलून ती तोडायची नाही, हा नियम त्या चाळीस वर्षं दारात उभं राहून पाळायला लावत होत्या. एकदा तर उशिरा आलेल्या नवऱ्यामुलाला त्यांनी त्याच्याच लग्नात दाराबाहेर उभा केला होता.

बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. खांब वाकडा घट्ट झाला की रॅम्प होत नाही. रॅम्प नाही तर अटलांटाही नाही. आणि यात आपल्याला काही करायचंच नाहीये! फक्त प्रार्थना लांबायला हवी. आता ओझेल पिंक्स्टनची प्रार्थना लांबायला कुणाची मदत लागते असं नाही, पण म्हटलं, थोडा हातभार लावावा. आज सेवेचाच दिवस.

"हो, प्रभू!" बाईंनी वरून साद घातली.

डीकन प्रार्थनेत नुकता बायबलातल्या मोझेसला घेऊन समुद्रापाशी पोचला होता. साद ऐकून त्याचा आवाज चढला.

"ऐकतोय आम्ही!" बाई म्हणाल्या. "सावकाश, डीकन! घाई नको!"

झालं! असं कुणी म्हटलं की चांगल्या चांगल्या धर्मोपदेशकांचा ताबा सुटतो. हा तर ओझेल. त्यानं मोझेसला समुद्राकाठी तसाच सोडला आणि मागे जाऊन नोहापासून पुन्हा सुरुवात केली. नोहाची नौका झाली, त्यातली जनावरं झाली. डॉक्टर हॉलिस मिटल्या डोळ्यांनी या पायावरून त्या पायावर होऊ लागले. पास्टरांनी एक डोळा किलकिला करून खांबाकडे पाहिलं, आणि त्यांच्या घशातून काहीतरी आवाज आला. बाईंनी हातमोज्याचा पंजा वर केला: हलायचं नाही. पास्टरनी डोळा मिटला.

"अजून सांगा, डीकन!" बाई म्हणाल्या. त्यांना हसू आवरेना. कित्येक महिन्यांत इतकी मजा आली नव्हती.

"आणि प्रभू," डीकन म्हणाला आणि थांबला. त्याचा आवाज बदलला, खाली आला. "प्रभू, आता माझी स्वतःची एक गोष्ट. ती मला माणसांना सांगवत नाही, म्हणून तुला सांगतो. हे सगळे ऐकतायत त्याला माझा इलाज नाही."

"सांगा..." बाई म्हणाल्या, पण जरा हळू.

"या बाईचं नाव पास्टरना मी सुचवलं."

लुवीनियाबाईंचा पंजा वरच्या वर राहिला.

"तिला रॅम्प लागत नाही, प्रभू. ती दगड आहे. तुला माहीतच आहे, तूच घडवलीस. रॅम्प मला लागतो. माझे गुडघे गेले. या पाच पायऱ्या मला चढवत नाहीत. दर शनिवारी मी गाडी घेऊन इथे येतो, पायऱ्यांकडे बघतो, हात हलवतो आणि घरी जाऊन रडतो. अर्नेस्टीनचंही तेच. आम्हा सगळ्यांचंच तेच. कुणी म्हणेल, मागच्या दारानं जा, तिथे सपाट आहे. प्रभू, माझा बाप आयुष्यभर गोऱ्या लोकांच्या घरात मागच्या दारानं आत गेला, टोपी हातात घेऊन. बासष्ट साली मी आणि ही लुवीनिया बस स्टँडच्या पुढच्या, फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या दारानं आत गेलो म्हणून आम्हाला तुरुंगात टाकलं. सोळा वर्षांची पोरं आम्ही. मी रात्रभर भ्यालो होतो, आणि ही पलीकडच्या कोठडीतून ओरडून मला गणिताचे पाढे म्हणायला लावत होती, माझी भीती जावी म्हणून. आता तुझ्या कृपेनं जगातली सगळी पुढची दारं मला उघडी आहेत. आणि हिच्याच दारात मला जाता येत नाही. मागच्या दारानं मी जाणार नाही, प्रभू. हिच्याकडे तर नाहीच नाही. म्हणून हा खांब सरळ उभा राहू दे, आणि मला..."

"आमेन!" लुवीनियाबाई किंचाळल्या. "आमेन, आमेन! अरे पुरे! डोळे उघडा सगळ्यांनी! खांब बघा!"

सगळ्यांनी डोळे उघडले, ते खांबाकडे नाही, बाईंकडे पाहायला. लुवीनिया टार्व्हरनं प्रार्थना मध्येच तोडली होती! अर्नेस्टीनबाईंनी छातीवर हात ठेवला. पण बाईंना कुठलं भान? त्या तरातरा पायऱ्या उतरू लागल्या. कुजलेली पायरी ओलांडायची हेही विसरल्या, पायरी कडाडली आणि त्या धप्पकन खाली टेकल्या. डॉक्टर धावले.

"मी पडले नाही!" बाई ओरडल्या. "बसलेय मी! मला काय धरताय, मेल्यांनो, तो खांब धरा! घट्ट होतोय तो!"

मग काय विचारता! पास्टर खांबाला मिठी मारून लोंबकळले, गायनातले चौघे विरुद्ध बाजूनं रेटू लागले, शिक्षिका दोरी बांधून ओढू लागल्या, आणि डॉक्टर हॉलिस त्या घट्ट होत आलेल्या काँक्रीटमध्ये फावडं खुपसून "थोडं उघडा, आणखी थोडं उघडा," असं दवाखान्यातल्यासारखं बडबडू लागले. लुवीनियाबाई पायरीवर बसूनच हुकूम सोडत होत्या. खांब हळूहळू उठला. अगदी ओळंब्यात काही आला नाही. गुलाबांकडे जरासा झुकलेलाच राहिला. पण राहिला उभा.

डीकन ओझेल एवढा वेळ जिथल्या तिथे होता, टोपी हातात घेऊन. लुवीनियाबाईंनी त्याला जवळ बोलावलं.

"गाढवा," त्या म्हणाल्या. "मला सांगता येत नव्हतं?"

"तुला? आयुष्यभर अर्धवट म्हणतेस. आता लंगडा अर्धवट म्हटलं असतंस."

"म्हटलंच असतं." बाईंनी हातमोजा काढून डोळे पुसले. तोंड फिरवायचं सोडून त्या सगळ्यांदेखत रडल्या. "मला वाटलं, तुम्हाला कंटाळा आला माझा. आठवडेच्या आठवडे केक करत होते रे मी, आणि तुम्ही कुणीच..."

"केक करत होतीस?" ओझेल म्हणाला. "मग खाल्ला कुणी?"

"टपालवाल्यानं."

"तरीच! मी म्हटलं, हा इतका कशानं सुटलाय."

अर्नेस्टीनबाई खुर्चीत हसून हसून खोकल्या. लुवीनियाबाई उठल्या, मोत्यांची माळ सारखी केली आणि डॉक्टर हॉलिसकडे वळल्या. "काय रे, बघत काय उभा राहिलास? फळ्या ठोक. संध्याकाळच्या आत मला रॅम्प हवाय."

रॅम्प झाला. गावात त्याहून सुबक रॅम्प पुष्कळ असतील. त्याची एक फळी उलटी ठोकली गेली होती आणि कठडा खांबाबरोबर गुलाबांकडे झुकला होता. पण ओझेल काठी टेकत, कठड्याला धरत, मध्ये दोनदा थांबत वर गेला, आणि पोर्चवर पोचल्यावर आपल्या जुन्या जागी असा बसला की तिथून त्याला उठवायची कुणाची छाती नव्हती. पाठोपाठ वॉकर खडखडवत अर्नेस्टीनबाई आल्या. त्यांनी फोन करून आपल्या दोघी बहिणींना बोलावून घेतलं होतं, त्याही आल्या. बातमी फुटायला काय वेळ लागतो? तासाभरात गल्लीतले सगळे दुखरे गुडघे पोर्चवर जमा झाले. जानेवारीची थंडी, सगळे कोटात गुंडाळलेले, पण आत जायला कुणी तयार नाही. स्वयंपाकघरातल्या खुर्च्या बाहेर आल्या, जेवणाच्या टेबलाच्या आल्या, पियानोसमोरचं स्टूलही आलं.

फोन वाजला. व्हर्लीन निघाली होती.

"आई, अर्ध्या वाटेवर आहे मी. काय झालं? रॅम्प बांधला का?"

"बांधला."

"म्हणजे लागत होता तर."

"लागत होता," लुवीनियाबाई म्हणाल्या. "फारच लागत होता."

आई इतक्या सहज कबूल करेल असं व्हर्लीनला वाटलं नव्हतं. मग ती मायेनं म्हणाली, "बरं झालं समजलं तुला. मग बॅग भरायला घेतलीस का?"

"हॅलो? नीट ऐकू येत नाहीये गं, इथे फार आवाज आहे. व्हर्लीन, तुझ्या गाडीत त्या घडीच्या खुर्च्या असतात ना? असतील तेवढ्या घेऊन ये, बाई. इथे माणसं उभी आहेत."